उद्या पुन्हा यावंसं वाटेल इतकंच

व्यायाम टिकवणं हा मनाच्या खंबीरपणाचा प्रश्न आहे, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. ज्यांच्या अंगी निग्रह आहे ते पहाटे उठतात, बाकीचे गजर बंद करून कूस बदलतात, इतका सरळ हिशेब होता. आता माझं पळणं वर्षाहून जास्त काळ टिकून आहे. ओळखीची माणसं विचारतात, "एवढी इच्छाशक्ती आणतेस कुठून?" मी सांगते की इच्छाशक्ती होती तेवढीच आहे, व्यायाम करत असताना मला जे वाटतं ते बदललंय. हे उत्तर फारसं कुणाला पटत नाही. म्हणून जरा विस्ताराने लिहिते आहे.

याआधीचे माझे सगळे प्रयत्न एकाच चालीचे होते. सुरुवात दणक्यात. पहिल्याच दिवशी धाप लागेपर्यंत पळायचं, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून आलेल्या असायच्या, आणि तशाच अंगाने तिसऱ्या दिवशी पुन्हा जोर लावायचा. अंग दुखतंय म्हणजे व्यायाम लागू पडतोय अशी तेव्हा समजूत होती. नव्याचे नऊ दिवस सरले की एखादा खाडा व्हायचा, मग लागोपाठ दोन, आणि पुढे बूट पलंगाखाली जायचे. व्यायामाच्या मानसशास्त्रात एक अंदाज पुन्हा पुन्हा दिला जातो: कार्यक्रम सुरू करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे लोक पहिल्या सहा महिन्यांत गळतात. तो वाचून मला हायसं वाटलं. निम्म्या जगाला एकदम आळशी ठरवण्यात काही अर्थ नाही. इतक्या जणांना एकाच टप्प्यावर अडवणारं काहीतरी असणार, आणि असलं तर ते समजूनही घेता येणार.

मला ते समजायला माझा धाकटा भाऊ कारणीभूत झाला. तो सुट्टीला घरी आला होता आणि एक दिवस माझ्याबरोबर पळायला निघाला. रस्त्याची दोन वळणं गेल्यावर त्याने काहीतरी विचारलं, तर मी हातानेच 'थांब' अशी खूण केली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "ताई, एक अख्खं वाक्य बोलून दाखव बरं." मला "बोलते की" एवढंच जमलं, तेही दोन श्वासांत.

"रोज अशीच पळतेस?"

मी मान हलवली.

"मग दुसऱ्या दिवशी यावंसं वाटतं तुला?"

वाटत नव्हतंच. मी येत होते ते स्वतःला ओढून आणत होते, आणि माणूस स्वतःला किती दिवस ओढणार? उरलेलं अंतर आम्ही गप्पा मारत, कधी चालत तर कधी हलकं पळत पुरं केलं. घरी आल्यावर लक्षात आलं की आज बूट न काढता जमिनीवर आडवं पडावंसं वाटलं नाही. उलट अजून थोडं जाता आलं असतं.

भाऊ परत गेल्यावर मी या विषयावर जे सापडेल ते वाचायला घेतलं. पँटेलिमॉन एकेकाकिस नावाच्या संशोधकाने याच गोष्टीचा बारकाईने अभ्यास केलेला आहे. व्यायाम करत असताना, त्या क्षणी, माणसाला कसं वाटतं? झाल्यावर छान वाटतं हे सगळेच सांगतात, पण त्याने चालू व्यायामात दर काही मिनिटांनी विचारलं, आता कसं वाटतंय. त्यातून दिसलं ते असं. व्यायामाचा जोर वाढत जातो तसा एक टप्पा येतो, जिथे श्वासाचा वेग एकदम झपाट्याने चढतो आणि बोलणं तुटायला लागतं. या टप्प्याच्या खाली बहुतेकांना बरं वाटतं. टप्प्याच्या आसपास माणसागणिक फरक पडतो. कुणाला त्यात झिंग चढते, कुणाचा जीव कासावीस होतो, आणि 'मला हे जमेल' असा विश्वास आहे की नाही यावर बरंच अवलंबून असतं. टप्पा ओलांडून वर गेलं की मात्र जवळपास प्रत्येकाचं बरं वाटणं ओसरायला लागतं. तिथे मनाची समजूत घालून फार काही साधत नाही, कारण छाती, हृदय आणि स्नायू यांच्याकडून येणारे निरोप बाकी सगळ्या विचारांवर मात करतात.

हे वाचताना मला माझे सगळे जुने प्रयत्न एका रांगेत उभे राहिलेले दिसले. सवय नसलेल्या माणसाचा हा टप्पा फार लवकर येतो. ज्या वेगाला सरावलेला माणूस सहज गप्पा मारतो, त्याच वेगाला नवख्याची दमछाक झालेली असते. म्हणजे उत्साहाच्या भरात जो सर्वांत जोरात सुरुवात करतो, तोच रोजचा व्यायाम सगळ्यात त्रासाच्या पट्ट्यात करत असतो. थांबल्यावर काही मिनिटांत मन पुन्हा वर येतं, म्हणून तो म्हणतो, "करून झालं की मस्त वाटतं." पण दुसऱ्या दिवशी गजर वाजतो तेव्हा आठवते ती मधली तडफड. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बैठं आयुष्य जगणाऱ्या ३७ जणांना ट्रेडमिलवर मध्यम वेगाने चालायला लावून, चालतानाच कसं वाटतंय ते विचारलं होतं. ज्यांना त्या एका सत्रात अधिक बरं वाटलं, ते ६ आणि १२ महिन्यांनंतरही अधिक हालचाल करत असल्याचं दिसलं. अभ्यास लहान आहे, त्यावर मोठे दावे उभे करू नयेत. पण माझ्यापुरता तो इतका चपखल बसला की मी त्याच आठवड्यात पळण्याचा एकच नियम केला: अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. एकटी असले तर मी ते खरोखर मोठ्याने बोलत असे, बहुतेक दिवसभरातल्या कामांची यादी.

हळू पळणं ऐकायला सोपं वाटतं. मनाला ते फार जड जातं, आणि या सगळ्या प्रवासातला खरा झगडा मला इथेच द्यावा लागला. शेजारून माणसं पुढे निघून जातात. वयाने मोठी, अंगाने जाड, अगदी चालणारीसुद्धा. पाय आपोआप वेग धरतात, कारण मागे पडणं अंगाला सोसत नाही. घड्याळात वेग दिसतो तो लाजिरवाणा वाटतो. आणि सगळ्यांत चिवट विचार असतो, 'एवढ्याने काय होणार?' शाळेतल्या खेळाच्या तासापासून आपल्यावर बिंबलेलं असतं की घाम गाळला, छाती भरून आली, तरच तो व्यायाम. त्यामुळे हलक्या व्यायामाचं समाधानच मिळत नाही. काहीतरी चुकवून आल्यासारखं वाटत राहतं.

त्या विचाराला मी आकड्यांनी उत्तर दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम तीव्रतेची हालचाल पुरते. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत. एका वेळी निदान १० मिनिटं तरी झालीच पाहिजेत ही आधीची अटही त्यात काढून टाकलेली आहे. म्हणजे माझं बोलत बोलत पळणं व्यवस्थित हिशेबात धरलं जात होतं. तरीही वेग दाखवणारी खिडकी मी घड्याळात बंदच केली, कारण आकडा समोर आला की माझं मन त्याच्याशी भांडायला लागायचं. पुढे काही महिन्यांनी, तोच श्वास ठेवून, मी आधीपेक्षा बरंच लांब जायला लागले होते. ते कधी घडलं हे मला सांगता येणार नाही. सरावाने तो टप्पा वर सरकतो असं वाचलं होतं, पण स्वतःच्या अंगात ते होताना पाहणं वेगळंच होतं. जिथे आधी शब्द तुटायचे त्याच चढावर एक दिवस माझं अख्खं वाक्य पूर्ण झालं, आणि मी तिथे थांबून पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

शेवटही मी बदलला. आधी मी शेवटचं अंतर नेहमी जीव तोडून पळायचे, 'जोरात संपवलं' याचं समाधान वाटायचं. २०१६ च्या एका प्रयोगात दोन गटांनी १५ मिनिटं सायकल चालवली. एका गटाचा जोर हळूहळू वाढवत नेला, दुसऱ्याचा सुरुवातीला जास्त ठेवून कमी कमी करत आणला. उतरत्या जोराच्या गटाला व्यायाम जास्त सुखाचा झाला, नंतर आठवतानाही सुखाचा वाटला, आणि पुढचा व्यायामही सुखाचा होईल अशी त्यांची अपेक्षा होती. मला यातलं शेवटचं महत्त्वाचं वाटतं. उद्याच्या व्यायामाबद्दलची अपेक्षा आज संपताना तयार होत असते. आता मी शेवटची पाच-सात मिनिटं वेग उतरवत नेते आणि घराच्या दारापर्यंत चालत येते.

एवढं करूनही सकाळी उठणं जिवावर यायचंच. व्यायाम आता त्रासाचा नव्हता हे मला ठाऊक होतं, पण अंथरुणात ते ठाऊक असल्याचा काही उपयोग नव्हता. मग मी एक वही सुरू केली. व्यायामाचं मानसशास्त्र शिकणारे लोक एक साधी पट्टी वापरतात, उणे ५ पासून अधिक ५ पर्यंत. उणे ५ म्हणजे फार वाईट वाटतंय, अधिक ५ म्हणजे फार छान. हार्डी आणि रेजेस्की या दोघांनी ती १९८९ मध्ये मांडली. मी पानावर दोन रकाने आखले. पहिल्यात, बूट घालण्याआधी, आज पळताना कसं वाटेल याचा अंदाज. दुसऱ्यात, परत आल्यावर, प्रत्यक्षात कसं वाटलं. पहिल्या पानावरच चित्र स्पष्ट होतं. डावीकडे उणे २, उणे ३, एखादं शून्य. उजवीकडे अधिक २, अधिक ३, पुन्हा अधिक ३. अंदाज चुकत होता आणि रोज एकाच बाजूला चुकत होता. याचाही अभ्यास झालेला आहे असं नंतर कळलं: २०११ मध्ये मॅथ्यू रुबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की व्यायाम किती आवडेल याचा अंदाज माणसं प्रत्यक्षापेक्षा कमी लावतात, कारण अंदाज करताना त्यांच्या डोळ्यांपुढे सुरुवातीची नकोशी मिनिटं असतात. माझ्या वहीने मला हेच दाखवलं, पण माझ्याच अक्षरात, म्हणून ते मनाला लागलं. अजूनही सकाळी 'आज नको' असं वाटतं तेव्हा मी त्या वाटण्याशी वाद घालत नाही. उणे २ लिहिते आणि बूट घालते.

बुटांची जागाही ठरलेली आहे. दात घासून झाले की थेट दाराजवळच्या स्टुलावर बसायचं, बूट तिथेच असतात. यामागे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने मांडलेला विचार आहे: 'मी व्यायाम करणार' एवढा संकल्प ढिला असतो, 'अमुक झालं की अमुक ठिकाणी अमुक करणार' असा बांधला की तो पक्का होतो. २००२ च्या एका प्रयोगात २४८ जणांचे तीन गट केले होते. ज्यांनी पुढच्या आठवड्यात व्यायाम कधी आणि कुठे करणार ते लिहून काढलं, त्यांच्यातल्या ९१ टक्के लोकांनी त्या आठवड्यात निदान एकदा व्यायाम केला. ज्यांना नुसतंच व्यायामाचे फायदे सांगून उभारी दिली त्यांच्यात हे प्रमाण ३५ टक्के होतं, आणि ज्यांना यातलं काहीच दिलं नाही त्यांच्यात ३८. फायद्यांवरच्या व्याख्यानाने काहीही हललं नाही, हे मला फार बोलकं वाटतं, कारण आपण एकमेकांना नेहमी व्याख्यानच देत असतो.

सवय नेमकी कशाची लावायची, हाही प्रश्न आहे. मी आधी ठरावीक रस्ता, ठरावीक अंतर अशी सवय लावू पाहत होते, आणि तिचा कंटाळा यायचा. सवयींवर काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत: सुरू करण्याची सवय आणि करत राहण्याची सवय. कितीदा व्यायाम होतो हे पहिलीवरून कळतं. हे माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळलं. दात घासणं, स्टूल, बूट, दार एवढं अंगवळणी पडलं की दारापुढे काहीही चालतं. कधी पळणं, कधी नुसतं चालणं, कधी जिन्याच्या चार फेऱ्या.

यासाठी किती दिवस लागतात असं विचारलं की हमखास २१ दिवस हे उत्तर मिळतं. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या निरीक्षणात आहे. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांना दिसलं होतं. व्यायामाशी त्याचा संबंध नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांत १८ ते २५४ दिवस इतका फरक होता. साध्या खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. आधी मला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाटायचं की इतके दिवस झाले तरी हे सहज होत नाही, म्हणजे हे आपलं काम नव्हे. तेव्हा हा अभ्यास हाती असता तर मी इतक्या लवकर निष्कर्ष काढला नसता. त्याच अभ्यासात आणखी एक दिलासा आहे: मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या क्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

खाड्याची खरी परीक्षा पुढे झाली. मला ताप आला आणि तो गेल्यावरही अशक्तपणा बरेच दिवस रेंगाळला. आजारपणात व्यायाम बंद राहिला याचं काहीच वाटलं नाही, पण बरं वाटायला लागल्यावर, पुन्हा निघायची वेळ आली तेव्हा, मन विचित्र वागायला लागलं. 'साखळी तुटलीच आहे, आता पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून नीट सुरू करू.' व्यसनमुक्तीचा अभ्यास करणाऱ्या ॲलन मार्लॅट यांनी या अवस्थेचं वर्णन केलेलं आहे: नियम एकदा मोडला की माणूस तो स्वतःच्या स्वभावातला दोष मानतो, आणि त्या अपराधी भावनेपोटी उरलंसुरलंही सोडून देतो. खाड्याने होतं त्याहून जास्त नुकसान खाड्याच्या अर्थाने होतं.

अमेरिकेतल्या एका जिम-साखळीच्या ६१,००० हून अधिक सभासदांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रचंड प्रयोग आहे, केटी मिल्कमन आणि अँजेला डकवर्थ यांच्या पुढाकाराने झालेला. लोकांनी जिमला जास्त वेळा यावं म्हणून ५० हून अधिक युक्त्या चार आठवडे एकाच वेळी तपासल्या. सर्वांत वर आली ती युक्ती म्हणजे चुकलेल्या दिवसानंतर परत येणाऱ्याला दिलेलं छोटंसं जादा बक्षीस. सलग न चुकता येणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात. इथे परतणाऱ्याचं केलं होतं. चार आठवडे संपल्यावर मात्र फार थोड्या युक्त्यांचा परिणाम टिकून राहिला, तेही सांगायला हवं. बाहेरून मिळणारं बक्षीस थांबलं की त्याची ओढही थांबते.

मी माझ्यापुरती दोन कामं केली. फोनमधला सलग दिवस मोजणारा आकडा बंद केला. तो वाढताना फार आनंद देत नव्हता आणि शून्यावर आला की मन खट्टू करायचा. आणि परतीच्या दिवसाचा व्यायाम आधीच लिहून ठेवला, नेहमीच्या निम्मा, नुसतं चालणं. बरं असताना लिहिलेला तो कागद अजून वहीच्या मागच्या पानाला चिकटवलेला आहे. तापानंतर त्याप्रमाणे मी चालून आले, पहिल्या रकान्यात उणे ३ आणि दुसऱ्यात अधिक १ लिहिलं. अधिक १ म्हणजे काही विशेष नाही, पण शून्याच्या वर होतं.

आता मी वजनं उचलायला सुरुवात केली आहे, आठवड्यातून दोनदा, कारण स्नायूंसाठीचा व्यायाम निदान दोन दिवस हवा असं जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. इथे बोलून पाहायची कसोटी कामाची नाही, श्वासाआधी हातच भरून येतात. म्हणून अजून दोन-तीनदा उचलता येईल असं वाटत असतानाच मी वजन खाली ठेवते. शिकवणारा मुलगा म्हणतो, "मॅडम, अजून दोन काढा, होतील." होतील हे मलाही कळतं. मी त्याला सांगितलंय की ते दोन मी पुढच्या वेळी काढीन. वहीत या दिवसांचे डावीकडचे आकडे अजून खूपच उणे आहेत, उजवीकडचे कधी शून्य, कधी अधिक १. वजन वाढवायचं की नाही हे मी उजव्या रकान्यावरूनच ठरवणार आहे, आणि तो सध्या 'थांब' म्हणतो आहे.